घनश्याम काका जेवत नाही

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं आर्णीजवळच्या आमच्या गावात यावं. गोठा दाखवतो.

गेल्या वर्षीची अक्षय तृतीया. भर दुपार. भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी पुढे वाचू नये.

आमच्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडायचं. एकेकाचं नाव घेऊन पोळीचा घास ठेवायचा. घास भडकन पेटला, की तो माणूस जेवला.

घनश्याम काकाचा घास आमच्या घरात कधीच पडला नव्हता.

काका माझ्या वडलांचा थोरला भाऊ. इंग्रजांच्या फौजेत, बॉम्ब टाकणाऱ्या विमानात. पुढे चालवणारा, मागे काका. ब्रह्मदेशात विमान पडलं. वय एकवीस. हाडसुद्धा घरी आलं नाही.

आजोबा बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले. म्हणाले, इंग्रजाच्या चाकराचं नाव या घरात घ्यायचं नाही. आणि आम्ही नंदीबैलासारखे माना हलवत राहिलो. आजोबा मेल्यावरही. झेंड्याखाली भाषणं ठोकणाऱ्या गावानंही त्या पोराचं नाव कधी घेतलं नाही.

विमल आत्या काकाची धाकटी बहीण. नव्वदीची. घशाचा कॅन्सर, पाणीही उतरेना. तिला एकच ध्यास.

"बापू, मी मराच्या आंधी दादाले जेवू घाल."

मी निखाऱ्यापुढे बसलो.

आजोबा... पेटले.

आजी... पेटली.

बाबा... पेटले.

"घनश्याम."

नुसता धूर.

पुन्हा तूप सोडलं. निखारा लालभडक, तूप चरचरतंय, आणि घास तसाच...

कौलांवरचे कावळे एकदम उडून गेले.

मग गोठ्यातून आवाज आला.

खर्रर्र...

फरशीवरून ताट सरकवल्यासारखा. गोठ्यात गुरं नाहीत, ताट नाही. सोयाबीनची रिकामी पोती आहेत. मी जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. पाठ फिरवली...

खर्रर्र...

परत आलो तर आत्या गोठ्याकडेच बघत होती. तिनं सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या सुटीत काका विमान चालवणाऱ्या दोस्ताला घेऊन आला होता. आजोबांनी दोघांनाही उंबरा ओलांडू दिला नाही. आजीनं चोरून एक ताट गोठ्यात नेलं. काकानं ते दोस्ताकडे सरकवलं. दोस्तानं परत काकाकडे. दुसरं ताट आणताना आजोबांनी आजीला धरलं.

दोघं उपाशीच गेले. थोड्याच दिवसांत विमान पडलं.

आणि त्यांना उपाशी घालवणारा आजोबा मात्र पहिल्या झटक्यात पेटला होता.

"थो एकटा खात नाही रे," आत्या म्हणाली. "त्याच्या दोस्ताचाबी टाक."

मी नाव विचारलं.

"कोनी इचारलंच नाही."

बिननावाचा घास ठेवला. पेटला नाही. तोंडाला येतील ती नावं घेतली. पेटला नाही. आत्या निखाऱ्यापुढे हात जोडून रडत होती.

"दादा, खाय ना रे. मले तरी मरू दे."

गोठ्यात ताट सरकत होतं. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

आत्या श्रावणात गेली. मी दिल्लीपर्यंत विचारणा केली. विमानं बरीच पडली म्हणे. कोणत्या विमानात कोण होतं, हे सांगायला कुणाला वेळ नाही.

यंदा आत्याचा घास ठेवला. तिचं नाव तर मला ठाऊक होतं...

नुसता धूर.

तीही त्यांच्यासोबत जाऊन बसली.

गोठ्याला कुलूप लावलंय. आवाज थांबत नाही. माझ्यानंही आता ताटावर बसवत नाही.

तुमच्या घरातला कोणी पोरगा तेव्हा विमान चालवायला गेला असेल, आर्णीकडे दोस्ताच्या घरी जाऊन आला असं एखादं म्हातारं माणूस बोललं असेल... तर मला कळवा. आमच्या घराला हव्या तेवढ्या शिव्या घाला.

पण त्या पोराचं नाव सांगा.