सुरंगीची चादर

रत्नागिरी बंदरावरच्या पीराच्या पायऱ्यांवर माझी टोपली कलंडली... आणि सुरंगीची फुलं थेट एका परक्याच्या मांडीवर!

"राहू द्या, मी वेचतो," तो म्हणाला. वेचताना फुलांपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होता. मीही बघितलं म्हणा! केळशीहून होड्या बांधायला आलेला सुतार, हरिश्चंद्र. केसांत अजून भुसा होता.

"तुमचं नाव?"

"पुढल्या गुरुवारी सांगेन."

दर गुरुवारी पीराला फुलांची पहिली चादर आमच्या घरची. आजोबांची होडी वादळातून परतली, तेव्हापासूनचा मान. वडिलांचे, आप्पांचे, गुडघे धरले आणि तो मान माझ्याकडे आला. त्यापायी माझ्या दोन सोयरिकी मोडल्या. "लग्नानंतर पीराची पायरी चढायची नाही," अशी मुलाकडच्यांची अट. मी कसली ऐकते!

पुढल्या गुरुवारी तो आधीच येऊन बसलेला. ओठ सुकलेले, हातात फडक्याची पुरचुंडी.

"खजूर आहेत. रोजा असेल ना तुमचा? मीपण सकाळपासून पाणी घेतलं नाही. तुम्ही उपाशी — मी कसा जेवू?"

मी तर दुपारी बांगड्याचं कालवण नि भात चापून खाल्ला होता. सन तीसच्या माघात रोजे चालू होते, आणि वाऱ्यामुळे कपाळावर ओढलेल्या पदराखालचं माझं कुंकू याला दिसलंच नव्हतं.

हसू आवरलं. पण एक विचारल्याशिवाय राहवेना.

"मुसलमानाच्या पोरीसाठी आलात... घरी काय सांगाल?"

"सांगितलं. केळशीला जाऊन आलो. आये रडली. खूप रडली." तो पुरचुंडीची गाठ चाचपत राहिला. "मग खजूर तिनंच बांधून दिले. म्हणाली, उपाशी पोरीकडे रिकाम्या हातानं जाऊ नको."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. डोळे भरून आले. मी पदर मागे सारला.

कुंकू बघून तो चाटच पडला. "म्हणजे... रोजा?"

"एकट्या तुमचाच! मी दमयंती. आणि हे बघा — लग्न झालं तरी गुरुवारी मी इथे येणार."

"आणि चादर एकटीच धरणार काय ओ? दुसरं टोक कोण धरील?"

तेवढ्यात मावळतीची अजान झाली. मी पुरचुंडी सोडून पहिला खजूर त्याच्या हातावर ठेवला.

"खा आता. आणि आयेला सांगा, पोर उपाशी नव्हती... पण येते म्हणाली."