उडीचं बटण

"बर्फ खायचा असतो, दाय. अंगठ्यांना पाजायचा नसतो!"

पोरीला मारतात तशी ‘दाय’ ही हाक ऐकून मी दचकून वर पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी एक मुलगा उभा, काखेत खेळायची, बटणं जडवलेली लाकडी पेटी. माझ्या दोन्ही हातांत किसलेल्या बर्फाचा पेला अन् अंगठे त्याला घट्ट चिकटवलेले. फिलिपाइन्समधल्या सेबूचं ऊन खाली पत्र्यांवर तापत होतं. वर मानांग लोर्नाच्या, म्हणजे लोर्नाताईच्या, माडीवरच्या व्हिडिओ गेमच्या अड्ड्यात आमच्याभोवती पडद्यावरच्या लढाईसाठी आरडाओरडा चालला होता.

"कोपऱ्यात सापडलीस की तू बटण दाबत नाहीस," तो म्हणाला. "चुरडतेस. इथवर ऐकू येतं."

"मग काय शत्रूला गोंजारू?"

"शत्रूला नको... अंगठ्यांना गोंजार."

त्याचं नाव रोमेल. आठ बोटं बसून राहतात, राबतात ते दोन अंगठेच, असं माझ्या कंट्रोलरचं दुखणं त्यानं मला सांगितलं. मग कुणाची तरी जॉयस्टिक आणून दिली. मी डावीकडे ढकलावं, माझी लढवय्यी उजवीकडे धावावी! माडी हसली. तोही हसला – पण माझ्याकडे बघत, हळूच.

शेवटी त्यानं स्वतःची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. चालणं, वाकणं, ठोसे – सगळं बोटांवर. कसं हलकं वाटलं! पण उडीचं बटण मात्र अंगठ्याखाली. दहा-बारा उड्या झाल्या आणि कळ थेट मनगटात गेली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दुखणं उतरेपर्यंत खेळ बंद."

खेळ बंद, म्हणजे माडी बंद. माडी बंद, म्हणजे... मी घरी बसून अंगठे शेकत होते, आणि दुखत होतं भलतीकडेच.

कळ निवाल्यावर मी माडीवर गेले, कंट्रोलर देऊन टाकायला.

"मानांग, हा ठेवा. कुणी नवं आलं तर द्या."

"ठेवते हो. पण त्या खुळ्याला काहीतरी सांगून जा. जिन्याकडे बघत बघत रोज हरतोय."

रोमेल कानापर्यंत लाल झाला. त्यानं टेबलाखालून एक नवी पेटी काढली. लाकूड अजून ताजं होतं, कडा घासून मऊ केलेल्या. उडीचं बटण डावीकडे सरकलेलं, करंगळीखाली.

"असं कुणी करतं?"

"कुणी नाही करत. माझ्यावर सगळे हसले."

"आणि अंगठ्यांनी काय करायचं?"

"बसून राहायचं. खूप राबलेत."

मी खेळायला बसले. करंगळी चुकत होती, अडखळत होती, तरी एकदा उडी साधली... आणि कळ आली नाही.

"रोमेल," मी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हेही एक दिवस दुखलं तर? मग इथं यायला मला कारणच उरणार नाही."

त्यानं आपली पेटी बाजूला ठेवली.

"कारण म्हणून... एखादं माणूस चालेल?"

माझी बोटं थांबली. पडद्यावर माझी लढवय्यी उभ्या उभ्या मार खाऊ लागली. मी पेटीवरचा हात उचलून त्याच्या तळव्यात ठेवला.

"अगं, खेळ ना! मेली ती!" मागून ओरडा झाला.

"मरू दे," मी म्हणाले. "मी उद्याही येणारच आहे."