उभ्या माणसांचं पान

भाची आली होती ती मावशीला न्यायला. खालचं बूटदुरुस्तीचं दुकान विकायचं, वरच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या आणि मावशीला कायमचं आपल्याकडे घेऊन जायचं, असा साधा सरळ बेत. मावशी "हो हो" म्हणायची आणि एकाही कपाला हात लावू द्यायची नाही. बाई मोठी वस्ताद.

मावशीचे यजमान, काका, जाऊन वर्ष होत आलं होतं. बोटांना कायम पॉलिशचा वास येणारा तो माणूस वाचनाचा भारी नादिष्ट. दुकान बंद केलं की वर यायचं, हात धुवायचे आणि खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायचं. मावशी समोर बसून उसवलेलं काहीबाही शिवायची. काय संध्याकाळी होत्या त्या. मध्येच काकांना खोकला यायचा, दोनदा हलका आणि मग घसा साफ केल्यासारखा एकदा. खूण म्हणून ते पुस्तकात बुटाची लेस घालायचे. आणि एक नियम होता त्यांचा: पुस्तकातली माणसं संकटात उभी असताना पुस्तक मिटायचं नाही. "त्यांना तसंच ताटकळत ठेवून आपण जेवायला बसायचं? शोभतं का आपल्याला?" जेवण गार व्हायचं, मावशी फणकारायची, पण ते पान उरकूनच उठायचे.

शेवटचं पुस्तक होतं दुसऱ्या महायुद्धातल्या मृत्युछावण्यांच्या इतिहासाचं. मावशी म्हणायची, "कशाला असलं वाचायचं? झोप उडते." ते म्हणायचे, "आपली झोपच उडते ना? उडू दे. ऐकून तरी घेऊ त्यांचं."

एका पानावर कैद्यांची हजेरी चालली होती. मोजणी जुळेना, म्हणून सगळ्यांना बर्फात उभं करून ठेवलेलं. त्यातल्या एकाच्या बुटाला लेसच्या जागी सुतळी होती, ती तुटली. बूट निसटला तर सकाळी कामाला चालता येणार नाही, आणि ज्याला चालता येत नाही त्याचं काय करतात, ते आधीच्या पानांत येऊन गेलं होतं. काकांनी मान वर केली.

"एक लेस गं," ते म्हणाले. "माझ्या खणात गठ्ठा पडलाय."

मग खोकला आला आणि मान कलली, ती कललीच.

त्या धावपळीत, रडारडीत मावशीनं लेस घातली आणि पुस्तक मिटून टाकलं. माणसं उभीच राहिली.

हे भाचीला ठाऊक नव्हतं. दिवे लागायच्या वेळी ती मावशीला न जुमानता खोकी बांधत होती. खिडक्या बंद असूनही खोली गार पडत गेली. ओल्या लोकरीचा वास आला. आणि जिन्याजवळच्या अरुंद बोळातून आवाज आला, पाय बदलल्याचा. एकाचा नाही, पुष्कळांचा. फार वेळ उभी असलेली माणसं या पायावरचा भार त्या पायावर घेतात, तसा.

"मावशी... बाहेर कोण आहे?"

"बस खाली. काही करत नाहीत ते. नुसते उभे असतात."

मग बोळातून खोकला आला. दोनदा हलका, मग एकदा. भाची खोकं सोडून मागं सरली. मावशीनं मात्र स्वतःच्या केसांवरून हात फिरवला, आपलं माणूस घरी आल्यावर फिरवावा तसा.

"म्हणून तू येत नाहीस माझ्याकडे..."

"ते पान पुरं वाचलं की त्यांची सुटका होईल गं. पण मग हेही जातील." मावशीनं लेस घातलेलं पुस्तक मांडीवर घेतलं. "रोज म्हणते, उद्या वाचू. एका खोकल्यापायी मी इतक्या माणसांना थंडीत उभं केलंय. ह्यांना काय वाटत असेल?" तिचा आवाज फुटला. "मला बारीक अक्षर दिसत नाही आता. तूच वाच."

भाचीनं वाचलं. मोजणी जुळली, शिट्टी झाली, रांगा आत गेल्या. सुतळीवाल्याचं पुढं काय झालं, ते पुस्तकात नव्हतं. तिनं लेस घालून पुस्तक मिटलं.

बोळ रिकामा झाला. खोली उबदार झाली. मावशी कान देऊन बसली होती. खोकला काही आला नाही. मग ती तोंडाला हात लावून रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "चल. सकाळी ने मला."

सकाळी भाचीनं खोक्यात ठेवायला पुस्तक उचललं. लेस नव्हती. तिच्या जागी सुतळीचा तुकडा होता, तुटलेला, ओलाचिंब, टोकाला काळा चिखल लागलेला.

मावशीनं तो हातात घेतला. कितीतरी वेळ बोटांनी चाचपत राहिली. मग खाली दुकानात गेली, खण उघडला आणि लेसांचा अख्खा गठ्ठा वर घेऊन आली. एकेक सोडवून ती पानापानांत घालू लागली.

"अगं, इतक्या कशाला?"

"सुतळीवाला एकटाच होता का तिथं?"

बाहेर लख्ख ऊन होतं. बोळातून खोकला आला. दोनदा हलका, मग एकदा. आणि त्याच्यामागे पाय वाजले, पुष्कळ पाय. पण या वेळी ते उभे नव्हते. दाराकडे येत होते.