मागच्या खोलीत रेंज नाही

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. बसा, चहा घ्या आणि ऐका. ही गोष्ट सांगताना मला अजून धाप लागते, आणि ती भीतीची की आनंदाची ते माझं मलाच कळत नाही.

मी घरी शिवणकाम करते. कुणाची बाही उसवते, कुणाला पँट कमरेत घट्ट होते, ते सगळे माझ्याकडे येतात. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि आमचं घर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायला लागलं. घर म्हणजे तो, मी आणि नऊ वर्षांची चिंगी. हिला एक प्रश्न विचारला की ही चार विचारते, आणि प्रत्येकाचा शेवटचा शब्द रबरासारखा ताणते.

रुग्णालयात एक यादी होती. कुणा गेलेल्याची किडनी जुळली की यादीतल्या माणसाला फोन जायचा. यादी सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दहा-दहा मिनिटांनी तीनदा फोन करते. तिसऱ्यांदाही लागला नाही, तर पुढचं नाव. माझाही इलाज नसतो हो."

आणि आमच्या घरात रेंज नव्हती.

नव्हती म्हणजे अगदी ठणठणाट. नव्या घरात आलो त्याच महिन्यात आम्ही दोघांनी एका कंपनीशी दोन वर्षांचा करार केला होता, तेव्हा घरात फोन लावून बघायचं काही सुचलं नाही. दुसरं कार्ड घ्यावं, तर यादीतला नंबर बदलायला अर्ज करावा लागे, आणि तो मंजूर होईपर्यंत नाव थांबवून ठेवत. एक दिवसही नाव थांबायला नको, असं नवऱ्याचं म्हणणं. मग मी शिंप्याचा खडू घेतला आणि घरभर फोन धरून फिरले. जिथे एक काडी दिसली तिथे भिंतीवर फुली, दोन दिसल्या तिथे गोल. सगळ्या घरात मिळून चार फुल्या झाल्या आणि एकच गोल, तोही दाराबाहेरच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर. तिथल्या खिडकीच्या गजाला मी कापडी पिशवी बांधली आणि दोन्ही फोन त्यात ठेवले. नऊ महिने आम्ही पाळीपाळीने तिसऱ्या पायरीवर बसलो. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, पायरी झिजेल एक दिवस."

मागच्या खोलीत मात्र फुलीसुद्धा नव्हती. ती खोली अडगळीची. एक पत्र्याची ट्रंक, जुनी गादी, आणि दार उघडलं की स्पिरिटचा वास. आधीच्या भाडेकरूंनी काहीतरी सांडलं असेल, असं मी धरून चालले होते.

कस्टमर केअरशी मी किती भांडले ते विचारू नका. त्यांच्या नकाशात आमचं घर हिरवंगार होतं. शेवटी एकाने तोड सांगितली. त्यांचं मोजणीचं अ‍ॅप चालू करून फोन घरातल्या सगळ्यात वाईट जागी सहा तास न हलवता ठेवायचा. सहाही तास रेंज शून्य निघाली, की करारातून सुटका आणि नंबर तोच.

"नको," नवरा म्हणाला. "सहा तास फोन आंधळा ठेवायचा?"

"नऊ महिन्यांत आला नाही, तो नेमका आजच येणार आहे का?" मी म्हणाले.

आयुष्यात इतकं मूर्ख वाक्य मी दुसरं बोललेले नाही. यादीत माझा नंबर होता, म्हणून माझाच फोन सोडवायचा होता. मंगळवारी सकाळी दहाला मी तो ट्रंकेवर ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि दार लोटून घेतलं. चिंगी शाळेत गेली. नवरा पुढच्या खोलीत पडून होता आणि मी मशीनवर एका कोटाचं अस्तर घालत होते.

दुपारी कधीतरी मला कुणी बाई हळू आवाजात बोलताना ऐकू आली. मी मशीनचं पायडल थांबवलं. वरच्या मजल्यावरचा रेडिओ असेल, असं वाटलं. आवाज थांबला आणि मी पुन्हा शिवायला लागले. नवऱ्याने एवढंच विचारलं, "कुणी आलंय का गं?" मी म्हणाले, "नाही." फोन वाजलेला आम्हा दोघांपैकी कुणीच ऐकला नाही.

चारला मी दार उघडलं. स्पिरिटचा वास इतका दाटला होता की डोळ्यांत पाणी आलं. अ‍ॅपवर सहा तासांची सरळ रेघ होती, शून्यावर. मी खुशीत आले. मग कॉलची यादी उघडली.

रुग्णालयाचा कॉल. दोन वाजून सतरा मिनिटांनी. उचललेला. एक मिनिट चाळीस सेकंद बोलणं झालेलं.

मी जिन्याकडे धावले, तिसऱ्या पायरीवर उभी राहिले आणि परत फोन लावला.

"अहो, आहात कुठे तुम्ही?" यादीच्या बाई म्हणाल्या. "पाचपर्यंतच थांबता येईल."

"पण... फोन कुणी घेतला होता?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच घेतलात. या लवकर."

विचार करायला वेळ कुठे होता? नवऱ्याला उठवलं, कपडे तेच, चपला दोघांच्या उलटसुलट. काकूंना ओरडून सांगितलं, चिंगीला शाळेतून आणा. टॅक्सीवाल्याला म्हटलं, दादा, जीव मुठीत धरून चालवा, पण चालवा. नवरा माझा हात धरून बसला होता आणि हसत होता. नऊ महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक लाल दिव्याला मी शिव्या देत होते आणि प्रत्येक हिरव्याला हात जोडत होते. रुग्णालयाच्या दारातल्या घड्याळात पाचला दहा कमी होते.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नर्स नळीला लावलेली भरलेली पिशवी दाखवून म्हणाली, "किडनी चालायला लागली." नवऱ्याला लघवी झाली म्हणून आनंदाने रडणारी बायको त्या मजल्यावर तरी मीच पहिली असेन.

आठव्या दिवशी मी यादीच्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात, हे मला कळलं होतं. "मला ऐकायचाय तो कॉल," मी म्हणाले. त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी लावला.

आधी त्यांचा आवाज आला. मग माझा.

माझाच होता तो. स्वतःचा आवाज कुणाला ओळखता येत नाही म्हणतात, पण मला आला. फक्त थकलेला होता, घोगरा, पंचवीस-तीस वर्षं वापरून झिजल्यासारखा. "हो, त्याने एक वाजता दोन बिस्किटं खाल्लीत, त्यानंतर काही नाही," तो आवाज म्हणाला. दोन बिस्किटंच खाल्ली होती त्याने. ती मीच दिली होती. "तुम्ही पुढच्या नावाला फोन करू नका. आम्ही पाचला दहा कमी असताना पोचू."

बाई माझ्याकडे बघत होत्या. "सर्दी झाली होती ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

रेकॉर्डिंग अजून संपलं नव्हतं. फोन ठेवण्याआधी मागून, जरा लांबून, कुणीतरी बोललं. मोठ्या बाईचा आवाज. अशक्त, झोपून बोलल्यासारखा.

"आई, कोणाचा फोनऽ?"

शेवटचा शब्द ताणलेला.

आणि माझा म्हातारा आवाज म्हणाला, "बाबांचा गं. तू पडून राहा... तुझा अजून आलेला नाही."

पुढे काही नव्हतं. मी बाईंचे आभार मानले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

चिंगीच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या. दोन डॉक्टरांना दाखवलं. तिला काही नाही, ठणठणीत आहे म्हणतात, उगाच डोक्यात काही घेऊ नका. नवरा पुन्हा शाळेत जातो, जिना एका दमात चढतो. मी त्याला रेकॉर्डिंगबद्दल सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते आहे, आणि तुम्हीही त्याला सांगू नका.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. आपल्या घरातील मोजणी तपासली, सहा तासांत आपल्या फोनवर एकही कॉल पोचलेला नाही, तक्रार खरी आहे, करारातून आपली सुटका करत आहोत, खाली सही करावी. मी सही केली नाही. पत्र फाडलं, आणि करार संपला तेव्हा त्याच कंपनीशी, त्याच नंबरवर नवा केला. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "रेंज चांगली येते वाटतं घरी?" मी म्हणाले, "जिथे यायला हवी तिथे येते."

मागची खोली मी कुलूप लावून ठेवली होती. पण चिंगी आता अकराची आहे, तिला स्वतःची खोली हवी. बाप लेकीच्या शब्दाबाहेर नाही. त्याने ट्रंक हलवली, भिंतींना पिवळा रंग दिला, पलंग लावला. रंगाचा वास चार दिवसांत गेला. स्पिरिटचा काही जात नाही, पण तो त्या दोघांना येतच नाही म्हणतात.

माझा फोन रात्रंदिवस तिच्या उशाशी, स्टुलावर असतो. तिथे अजून एक काडीसुद्धा येत नाही. तरी कधीतरी दुपारी ती पुस्तक घेऊन पडलेली असताना तो एकदाच वाजतो आणि बंद पडतो. मी हातातली सुई टाकून धावत जाते. पडद्यावर नंबर नसतो. ती मान न वळवता विचारते, "आई, कोणाचा फोनऽ?"

आवाज अजून लहान आहे. मी दर वेळी तेवढंच ऐकते.