चुट्टी वाळेपर्यंत

“तिला? मी रंगवू? त्यापेक्षा कुंपणाची भिंत रंगवीन!”

थंकमणीने खोबऱ्याची अर्धी वाटी आपटली. दारात कथकली मंडळीचे व्यवस्थापक नंबीशन उभे होते, पार रडवेले झालेले. आज देवळाच्या उत्सवात थंकमणीची धाकटी बहीण अंबुजम नळराजा होऊन उभी राहायची होती, आणि तिच्या जबड्याभोवती तांदळाच्या पिठाची पांढरी चुट्टी चढवणारा माणूस ऐनवेळी तापाने आडवा झाला होता!

“तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे गं या गावात? प्रेक्षकांसमोर काय तोंड दाखवू मी?”

अंबूला थंकमणीनेच तर उभं केलं होतं! मंडळीत राजाच्या भूमिका दोघींपैकी एकीलाच मिळतील, असं आशान म्हणाले तेव्हा त्या गुरूंच्या मनात थोरलीच होती. पण धाकटीचं ते उशीत तोंड खुपसून रडणं थंकमणीला बघवेना... आणि ‘माझे गुडघे गेले’ म्हणत ती हसत हसत बाजूला झाली, चुट्टी शिकली. आणि अंबू? नाव झाल्यावर चारचौघांत म्हणाली, “चेचीत धमकच नव्हती, म्हणून पीठ कालवत बसली!” ज्या बहिणीला जन्मभर चेची म्हटलं, तिच्याबद्दल हे! त्या दिवसापासून दोघींचा अबोला.

तरीही थंकमणी गेलीच. न जाऊन सांगते कुणाला!

रंगपटात चटईवर अंबू उताणी पडली होती, चेहरा राजाच्या हिरव्या रंगाने रंगवलेला, डोळे मिटलेले. थंकमणी उशाशी बसली, पिठाची पहिली कड गालावर चढवली, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडू लागलं. चुट्टी वाळेपर्यंत ओठ हलवायची सोय नव्हती ना, हलवले की तडा!

“बोल की आता! अम्मा आजारी असताना आलीस, माझ्याकडे पाठ करून बसलीस! तळलेले फणसाचे गरे पाठवले, तर डबा तसाच परत! एवढी का मी वाईट, अंबू?”

गुडघ्यांचं खरं अगदी ओठांवर आलं... पण तिने ते गिळलं. पोरीला आता रंगमंचावर जायचंय, रडली तर सगळा रंग वाहून जाईल!

तेवढ्यात चटईवरचे दोन हात उचलले गेले. मुद्रांमधून ते सावकाश बोलू लागले, आणि ती भाषा थंकमणीइतकी कुणाला कळणार!

गुडघे... खोटं. आशान... जाताना... सांगून गेले. मी... लाजले. चेची... क्षमा.

थंकमणीच्या डोळ्यांना धार लागली. हात पिठाने भरलेले, पुसायचं कशाने? अंबूने चाचपडत आपल्या उपरण्याचं टोक वर नेलं आणि बहिणीचे डोळे टिपले.

“तू रडू नकोस हं! खबरदार!” थंकमणी हुंदके देत दटावत होती.

हात पुन्हा हलले. चुट्टीवाला... ताप... खोटा. मीच... घरी बसवला.

“अगं लबाडे! आणि ते बिचारे नंबीशन घाबरून अर्धे झाले!... हसू नकोस, मेले, तडा जाईल!”

असं दटावता दटावता थंकमणीला स्वतःलाच हसू आवरेना, आणि अंबू मात्र शहाण्या मुलीसारखी दगडी चेहऱ्याने पडून राहिली.