तळाचा थर

चिखलाला विचारावं, माणसाला नाही, असं आमच्या प्रयोगशाळेत म्हणतात. खाडीकाठच्या दलदलीत लांब नळी खुपसायची, आतल्या चिखलासकट वर काढायची आणि त्या चिखलाच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. वरचा थर आजचा, खालचा जुना. प्रत्येकात शेवाळाची बारीक, काचेसारखी कवचं सापडतात. घाण सोसणारं शेवाळ वर, स्वच्छ पाण्यातलं तळाशी. ते तर कारखाने आल्यावर आमच्या खाडीतून नाहीसंच झालं. चकत्या बघायचं काम माझं, नळ्या काढायचं माझ्या नवऱ्याचं.

त्याला जुनाट खोकला होता. दोनदा खोकायचा, जरा थांबायचा, मग एकदा लांब. गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की मी चहाचं आधण ठेवायची.

एकदा भरती चढली आणि तो दलदलीतून परतलाच नाही. शोधणाऱ्यांनी हात टेकले. नणंदेने रडून रडून अंथरूण धरलं. आणि एका सकाळी तो दारात उभा! छातीपर्यंत चिखल, हातात भरलेली नळी. "वाट चुकलो गं," एवढंच म्हणाला.

खोकला मात्र गेला होता. "सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा!" नणंद हसली. मीही हसले. देव पावल्यावर त्याला जाब कोण विचारतं?

मग त्याच्या अंघोळीच्या बादलीला आतून हिरवट कडं धरू लागलं. घासलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. सवयीने मी त्यातलं थोडं काचेवर घेतलं. तेवढं करायला नको होतं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, नवऱ्याचा मित्र, माझ्या सूक्ष्मदर्शकात डोकावला. "वहिनी, हे कुठलं? जिवंत आहे की!"

"मग?"

"अहो, याची आपण नुसती रिकामी कवचं बघतो, तळाच्या थरात. असं पाणी आता राहिलंय कुठे?"

मी काच धुऊन टाकली.

परतला तेव्हा नवऱ्याच्या हातात होती ती नळी मी दुपारी उभी चिरली. थर जसेच्या तसे होते, कुठे ढवळल्याची खूण नाही. कारखान्यांचा काळा थर संपला. त्याखालचा राखाडीही संपला. अगदी तळाशी, आमच्या दोघांच्या जन्माआधीच्या चिखलात, सुरी अडली.

शर्टाचं बटण. त्यात हिरवा दोरा.

पांढरा संपला होता म्हणून त्याच्या शर्टाला घाईत मीच तो वापरला होता. तोच शर्ट घालून तो त्या दिवशी गेला, तोच घालून परत आला.

घरी तो शर्ट दोरीवर वाळत होता. सगळी बटणं जागेवर. सगळी पांढऱ्या दोऱ्याने लावलेली.

शोधणाऱ्यांना कळवायला हवं होतं की पुन्हा या, खणा, तो अजून तिथेच आहे. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. कळवलं असतं तर दोघेही गेले असते. मला एक तरी हवा होता. तिकडे चिखलात एकट्या पडलेल्यासाठी जीव किती तुटला, ते माझं मला माहीत.

"काय झालं गं?" त्याने आतल्या खोलीतून विचारलं.

"काही नाही. तुझ्या खोकल्याची सवय झाली होती रे. घर सुनं वाटतं."



मग आतून दोनदा खोकल्याचा आवाज आला. जरा थांबून, एकदा लांब.

 बरोबर जमलं का, हे मी सांगायची तो वाट बघत होता.