सहाशे मिलिलिटर

संध्याकाळी नवऱ्याच्या उशाशी पाण्याचा जग भरून ठेवायचा, हा तिचा सत्तावीस वर्षांचा शिरस्ता होता. ती कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक. त्यामुळे जगही बरोबर सहाशे मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरे. "हिच्याकडून प्रेमसुद्धा मोजूनमापून मिळतं," असे तो पाहुण्यांना सांगे आणि उजाडेपर्यंत जग रिकामा करी.

तो इस्पितळात गेल्यावरही तिने जग भरणे सोडले नाही. रिकामा ठेवायला हात धजत नव्हता.

त्याचे लिव्हर कित्येक वर्षे निबर होत आले होते. आता किडन्यांनीही हात टेकले. लघवी जेमतेम होई, पाणी पोटात आणि पायांत साचे. दिवसभरात मोजके घोट. एरवी ओल्या कापसाने ओठ पुसायचे, बस्स.

"काकू, चोरून पाणी पाजता का?" चौथ्या दिवशी नर्सने विचारले. "रोज सकाळी वजन सहाशे ग्रॅमनं वाढतंय. असंच चाललं तर श्वास कोंडेल त्यांचा."

"अगं, मी तर पाचलाच घरी जाते."

बोलता बोलता ती थबकली. रोज सकाळी घरचा जग रिकामा असे. तिने उकाड्याला बोल लावला होता.

त्या संध्याकाळी तिने जग टीपकागदावर ठेवला, तोंडावर फडके घालून दोऱ्याने घट्ट बांधले. सकाळी टीपकागद कोरडा, गाठ तशीच, जग रिकामा. पुढल्या संध्याकाळी तिने दोनशेच भरले. वजन वाढले दोनशे ग्रॅम.

म्हणजे तो रोज घरी येत होता. भीतीच्या आधी तिला उचंबळून आले.

घरी आलेल्याला पाणी नाकारायचे. तिने जग भरून लाकडी कपाटात ठेवला, कुलूप लावले, आणि अंथरुणातल्या त्याच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून झोपली.

सकाळी, खोलीतला दिवाही न लावता, ती तडक इस्पितळात गेली.

"वजन वाढलं नाही, काकू! लघवीही जरा जास्त झालीय." नर्सचा चेहरा खुलला होता.

तो भिंतीकडे वळून पडला होता.

"रागावलीस का गं?"

"नाही हो. असं का विचारता?"

"मग कुलूप कशाला लावलंस?"

तिने त्याचा हात हातात घेतला.

नखांखाली लाकडाची ताजी कुसळे होती.